खालच्याला पाणी कोण देतं?

आईचे दोन्ही गुडघे गेली सहा वर्षं दुखतात. कोथरूडच्या घरात ती जमिनीवर बसत नाही, देवघरासमोरसुद्धा स्टूल घेते. त्यामुळे बालीतल्या जतिलुविहच्या भातखाचरांत, ओल्या बांधावर ती एकदम उकिडवी बसली, पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, तेव्हा मी धावतच सुटले. मला वाटलं, पडली. ती पडली नव्हती. वरच्या खाचरातलं पाणी जिथून खालच्या खाचरात उतरत होतं, तिथे पेंढ्याचा बोळा अडकला होता. तो ती काढत होती.

बोळा निघाला. पाणी खळकन खाली गेलं. आईनं हात झटकला, वर बघितलं आणि मला म्हणाली, "विचार त्यांना, खालच्याला पाणी कोण देतं?"

मी हे सगळं लिहितेय ते त्या प्रश्नासाठी.

बाबा गेल्यापासून आई पुण्याबाहेर पडली नव्हती. तिच्या पंचाहत्तरीला आम्ही भावंडांनी मिळून तिला आठवड्याच्या ग्रुप टूरला पाठवायचं ठरवलं, सोबत मी. पहिले तीन दिवस चाळीस जणांच्या बसमध्ये गेले. उतरा, फोटो काढा, चढा. आई खिडकीपाशी बसायची. हिरवं काही दिसलं की तिचा हात काचेवर जायचा आणि तोवर ते मागे पडलेलं असायचं. चौथ्या दिवशी कार्यक्रमात समुद्रावरचे खेळ होते. त्यात आईला काहीच करता येणार नव्हतं. मी हॉटेलमधल्या मुलाला गाठून एक गाडी आणि तीच चालवणारा गाईड ठरवला, फक्त आम्हा दोघींसाठी. दहा तासांचे साडेसात लाख रुपिया, म्हणजे आपले साधारण चार हजार. आकडा ऐकून आईनं छातीवर हात ठेवला, हिशोब सांगितल्यावर काढला.

सकाळी सातला गाडी आली. गाईड चाळिशीतले, डोक्याला त्यांच्याकडचा घडीचा रुमाल, उदेंग बांधलेला. डॅशबोर्डवर नारळाच्या कोवळ्या पात्यांची टिचभर परडी, तिच्यात फुलं आणि उदबत्ती. हा रोजचा नैवेद्य, चनांग सारी. त्यांना हाक काय मारायची, विचारलं. "ब्ली म्हणा," म्हणाले. बालीच्या भाषेत ब्ली म्हणजे दादा. "मग दादाच म्हणते की," आई म्हणाली, आणि दिवसभर तेच म्हणाली. ते आईला इबू म्हणू लागले. इबू म्हणजे आई. त्यांची इंग्रजी आणि आईची मराठी यांच्यामध्ये मी बसले होते, पण दुपारपर्यंत माझं काम निम्म्यावर आलं.

वाटेत मेंग्वीला तमन अयून हे राजघराण्याचं देऊळ लागलं. भोवती पाण्यानं भरलेला रुंद खंदक. मी देवळाची एकावर एक चढत गेलेली छपरं बघत होते. दादांनी खंदकाकडे बोट दाखवलं. हे पाणी शोभेचं नाही, म्हणाले, इथून पुढे ते शेतांना जातं. म्हणून हे पाण्याचं देऊळ. मी मान डोलावली आणि फोटो काढला. आई मात्र खंदकाच्या कडेनं बरंच पुढे चालत गेली होती.

बालीला जाऊन आलेली आपली माणसं बहुतेक देवळांबद्दलच बोलतात. ते भेटल्यावर 'ओम स्वस्त्यस्तु' म्हणतात, दिवसातून तीनदा त्रिसंध्या होते, तिची सुरुवात आपल्या गायत्रीनं होते. हे सगळं खरं आहे, आणि दुपारी बाराला खानावळीतल्या रेडिओवर 'भूर्भुवः स्वः' ऐकू आलं तेव्हा माझेही डोळे भरले. पण आपल्यासारखं काही सापडलं की त्या आनंदात आपण तिथेच थांबतो, पुढे बघत नाही. मीही तशीच थांबले असते. आई होती म्हणून पुढे गेले.

जतिलुविह बातुकारू डोंगराच्या उतारावर आहे. डोंगर २,२७६ मीटर उंच, आणि ही खाचरं साधारण ७०० मीटरवर. हवेत गारवा होता, ढग खाली उतरून भाताला टेकले होते. पायऱ्या म्हणावं तर पायऱ्या नाहीत. डोंगराची जशी वळणं तसे बांध, एकाखाली एक, नजर पोचेल तिथपर्यंत. मेचा शेवटचा आठवडा होता. तिथलं जुनं, उंच वाढणारं तांबडं भात लोंब्या धरून उभं होतं. माझ्या कमरेच्या वर. आईनं एक लोंबी तळहातावर घेतली, दोन दाणे नखानं दाबून बघितले. दूध भरलं होतं. "आंबेमोहर असाच वाढायचा," म्हणाली. "एक जोराचा पाऊस आला की लोळायचा. मग आम्ही पोरी पेंड्या बांधून उभा करायचो."

माझी आई हे बोलत होती. कोथरूडमधली, भाजीवाल्याशी पाव किलोवरून घासाघीस करणारी, रेशनच्या तांदळाला नाकं मुरडणारी माझी आई. तिचं माहेर मुठेच्या वरच्या खोऱ्यातलं, हे मला माहीत होतं. तिनं लहानपणी इरलं डोक्यावर घेऊन लावणी केली, हेही ऐकलं होतं. पण ते कुणाच्याही आईच्या लहानपणाबद्दल ऐकावं तसं. तिच्या बोटांना अजून हे सगळं येतं, हे मला त्या बांधावर कळलं.

तर तो प्रश्न. मी तो इंग्रजीत केला तसा दादांनी क्षणभर विचार केला, आणि मग आम्हाला रस्त्यापासून जरा आत नेलं. तिथे पाटात एक आडवा लाकडी ओंडका टाकलेला होता. त्याला वरून खाचा पाडलेल्या, काही रुंद, काही अरुंद. पाणी येऊन ओंडक्यावरून वाहत होतं आणि प्रत्येक खाचेतून आपापल्या पाटाला जात होतं. ज्याची जमीन जास्त त्याची खाच रुंद. पाट भरून वाहो की निम्मा वाहो, वाटा तोच राहतो. कुलूप नाही, मीटर नाही. कुणी खाच कोरून वाढवली तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. आई खाली वाकून बोटांनी खाचा मोजत राहिली. एक चार बोटं, एक सहा.

याला ते सुबक म्हणतात. एकाच बंधाऱ्याचं पाणी वापरणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांची मिळून एक सुबक. पन्नास जणांची असेल, चारशे जणांची असेल. अशा सुमारे १,२०० संघटना बेटावर आहेत, आणि ही व्यवस्था नवव्या शतकापासूनची. सुबकेचा प्रमुख पेकासेह. नियम तोंडीही असतात आणि लिहिलेलेही, त्यांना आविग-आविग म्हणतात. बंधारा दुरुस्त करायचा, पाटातला गाळ काढायचा, तर प्रत्येक घरातून माणूस येतो. डोंगराच्या पोटातून हातानं खणलेले बोगदेसुद्धा आहेत पाणी आणायला. २०१२ साली युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घातलं ते नुसतं हे दृश्य नव्हे, ही व्यवस्था. पाच ठिकाणची मिळून १९,५०० हेक्टर जमीन, तिच्यातले पाट, बंधारे आणि देवळं.

देवळं याच्यातच आली, त्याच्या बाहेर नाहीत. शेताच्या ज्या कोपऱ्यातून पाणी पहिल्यांदा आत येतं, तिथे शेतकऱ्याचं गुडघ्याएवढं ठाणं. बंधाऱ्यापाशी सगळ्या सुबकेचं देऊळ. त्याच्यावर अनेक सुबकांचं मिळून एक. असं चढत चढत डोंगरावरच्या तळ्यापर्यंत, जिथे देवी दानू, तळ्याची देवी, राहते. लावणी कधी करायची, पाणी कधी बंद करायचं, रान किती दिवस मोकळं ठेवायचं, हे या देवळांच्या बैठकांत ठरतं.

"पण वरचा का देईल?" आईनं पुन्हा विचारलं. "आधी पाणी त्याच्याकडे येतं. त्यानं कोंडलं तर खालचा काय करणार?"

दादा हसले. म्हणाले, हे माझ्या वडिलांना विचारू या. आणि त्यांनी सरळ व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक कृश म्हातारे गृहस्थ आले, उघडेबंब, मागे कोंबड्या. त्यांची शेती याच तबानन जिल्ह्याच्या खालच्या भागात, म्हणजे ते स्वतः 'खालचे'. आईनं फोनला नमस्कार केला, त्यांनीही केला. मग प्रश्न मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून बालीच्या भाषेत गेला आणि उत्तर त्याच वाटेनं परत आलं. येताना काही सांडलं असेल, पण माझ्यापर्यंत जे पोचलं ते असं: वरच्याला खालचा लागतो. मला पाणी मिळालं नाही तर मी माझ्या वेळेला लावीन. मग त्याचं भात कापलं की किडा माझ्याकडे येईल, माझं कापलं की परत त्याच्याकडे जाईल. किड्याला बारा महिने जेवण. म्हणून तो मला पाणी देतो आणि मी त्याच्या वेळेला माझं रान मोकळं ठेवतो.

आईनं एवढंच म्हटलं, "बरोबर आहे."

मी हे पुण्यात आल्यावर शोधून वाचलं. सगळ्या शेजाऱ्यांनी एकदम कापणी करून रान एकदम मोकळं ठेवलं, तर तुडतुड्यांना खायला उरत नाही. पण सगळ्यांनी एकदम लावणी केली, तर चिखलणीला एकदम पाणी लागतं, आणि तेवढं नदीत नसतं. दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत. किती जणांनी एका वेळी लावायचं आणि कुणी मागून, याचा मध्य काढावा लागतो, आणि तो मध्य शतकानुशतकं ही देवळं काढत आली. १९७०च्या दशकात सरकारनं नवी, लवकर येणारी वाणं आणली. देवळाचं वेळापत्रक सोडा, जमेल तितक्या वेळा भात घ्या, असं शेतकऱ्यांना सांगितलं. सुरुवातीला पीक वाढलं. मग तपकिरी तुडतुड्यांनी आणि रोगांनी शेतंच्या शेतं बसवली, फवारणी वाढली, पाण्यावरून तंटे लागले. पुढे स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं, जेम्स क्रेमर या परिसंस्थेच्या अभ्यासकाबरोबर, दोन नद्यांमधल्या १७२ सुबकांचं प्रतिमान संगणकावर मांडून बघितलं. प्रत्येकानं आपल्या मनानं लावलं तर पीक कमी, सगळ्यांनी एकाच दिवशी लावलं तरी कमी. सगळ्यात जास्त पीक येत होतं ते देवळांच्या जुन्या जाळ्याशी मिळत्याजुळत्या वेळापत्रकाला.

आपल्याकडेही हे शहाणपण होतं आणि थोडं अजून आहे. धुळ्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, पाट, गावाचं रान मोठमोठ्या फडांत वाटलेलं, एका फडात एकच पीक, आणि पाणी देणारा पाटकरी गावानं नेमलेला. पाणी कमी पडलं तर एखादा फड पडीक ठेवायचा, म्हणजे झळ सगळ्यांना सारखी. शेतीचं माहीत नसलेल्या माझ्यासारखीनं हे चाळिशी उलटल्यावर वाचावं, याचं वाईट वाटतं.

पण त्या दिवशी बांधावर मला यातलं काही माहीत नव्हतं. फोन ठेवल्यावर आई चालता चालता बोलायला लागली. तिच्या माहेरी लावणी वरून खाली यायची. वरच्या खाचरात चिखलणी झाली की बांध थोडा फोडून पाणी खालच्याला सोडायचं. इर्जिक असायची, आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे.

"आणि वरच्यानं नाही सोडलं तर?"

"तर खालची बाई यायची आणि बांधावर उभी राहायची."

"भांडायला?"

"भांडायची नाही. नुसती उभी राहायची."

"मग?"

"मग काय. माणसाला लाज असते ना."

तिथल्या एका साध्या खानावळीत जेवलो. तांबड्या तांदळाचा भात, केळफुलाची भाजी, आणि शेवटी भाजलेल्या तांबड्या तांदळाचा चहा. समोर पुन्हा खाचरं. कापणी झाली की यांत बदकं सोडतात, सांडलेले दाणे आणि किडे दोन्ही खातात. पूर्वी लोंब्या कापायला तळहातात लपेल एवढंसं पातं वापरायचे, देवी श्री, म्हणजे भाताची देवी, दचकू नये म्हणून. एक एक लोंबी. आता बहुतेक ठिकाणी विळा आला. हे ऐकताना आई जेवायची थांबली होती. "आम्ही पहिली लोंबी कापायच्या आधी पाया पडायचो," म्हणाली, "पण विळा लपवायचं नाही सुचलं कुणाला."

दुपारनंतर बेदुगुलला ब्रातान तळ्यावर गेलो. पाण्यात उभं असलेलं अकरा छपरांचं देऊळ जगभर फोटोंत दिसतं. गर्दी होती, धुकं होतं, आईला थंडी वाजत होती. सुंदर होतं. पण आमचा दिवस आधीच भरला होता.

परतताना दादा गप्प होते. दक्षिणेकडे जसजसं उतरलो तसतशी भातशेतं तुटक होत गेली. एका बाजूला खाचर, त्याला लागून पोहण्याचा तलाव असलेला बंगला, मग पुन्हा खाचर, मग 'विकणे आहे'ची पाटी. दादांनी सांगितलं, मधला एक तुकडा विकला गेला की पाट तुटतो, मग खालच्याला विकण्यावाचून काही उरत नाही. ते स्वतः शेती करत नाहीत. आम्हाला भातशेती दाखवून जे मिळतं ते भात लावून मिळत नाही, असं ते आवाज न चढवता म्हणाले. त्यांचे वडील आहेत तोवर आहे. मी त्या दिवसाचे पैसे त्यांच्या हातात ठेवले तेव्हा मला फार जड गेलं. हा दिवस मला हवा होता, आणि असे हजारो दिवस विकले जातात म्हणून तो पाट तुटतोय, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. हॉटेलच्या दारात आईनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. ते वाकले आणि म्हणाले, "सुक्स्म, इबू." सुक्स्म म्हणजे धन्यवाद.

पुण्यात आलो त्या दिवशी गुरुवार होता आणि पाणी बंद होतं. सोसायटीत टँकर उभा. मी बादल्या भरता भरता विचार करत होते, हे पाणी कुठून येतं ते मला माहीत आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही नावं पावसाळ्यात वर्तमानपत्रात टक्केवारीसह वाचतो आपण. पण आपल्यानंतर ते कुठे जातं? मी तीस वर्षं पर्वतीजवळून, स्वारगेटजवळून वाहणारा मुठा कालवा ओलांडतेय. २०१८ साली तो दांडेकर पुलाजवळ फुटला, तेव्हा लोकांच्या घरात शिरलेलं पाणी बघून जीव हळहळला. तरी तो पुढे कुणाकडे जातो, हे कधी मनात आलं नाही. तो दौंडला जातो, इंदापूरला जातो. त्यांचं आवर्तन कधी सुटणार, शहराला किती आणि शेतीला किती, यावरून दर उन्हाळ्यात बैठका होतात. वरचं खाचर आपलं आहे. मुळा-मुठेतून खाली आपण जे पाठवतो ते काय असतं, हे संगम पुलावर उभं राहिलं की नाकालाच कळतं. बालीतले ते म्हातारे गृहस्थ म्हणाले होते, खालच्याचं दुखणं वर येतं. आपलं खालचं दुखणं अजून आपल्यापर्यंत आलेलं नाही, किंवा भाजीतून, दुधातून येतही असेल.

आणि वरचं खाचर तरी पूर्वी कुणाचं होतं?

आईच्या माहेरची खाचरं धरणाच्या फुगवट्यात गेली, तेव्हा मी शाळेत होते. मामा पुण्यात आला, एका कारखान्यात लागला, आणि त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही. आईच्या गावावरून वाहत आलेलं पाणी आम्ही इतकी वर्षं प्यायलो, त्यानंच तिनं आमच्यासाठी आंबेमोहराचा भात रांधला, आणि मी तिला एकदाही विचारलं नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी, पाऊस यायच्या आधी, मी तिला गाडीत घालून तिकडे घेऊन गेले. धरणानं तळ गाठला होता. पाणी दूर आत गेलेलं, आणि ज्या उतारावर ते उरलेलं वर्ष असतं, तिथे भेगाळलेला गाळ पसरला होता. त्या गाळातून बांध वर आले होते. एकाखाली एक, डोंगराच्या वळणांनी, खाली पाण्यापर्यंत आणि पुढे पाण्याखालीही. मला आधी ते दिसलेच नाहीत. आईनं दाखवल्यावर दिसले, आणि एकदा दिसल्यावर सगळीकडे दिसायला लागले.

ती मोजत चालली. हे लांबडं. हे उंबराखालचं, उंबर गेला. हे आईचं, म्हणजे माझ्या आजीचं, तिला माहेरून मिळालेलं. एका बांधापाशी तिनं चपलेनं गाळ उकरला. दगड लावून केलेली हातभर वाट निघाली. "इथून खाली जायचं," म्हणाली.

मी तिला हात द्यायला पुढे झाले. तिनं घेतला नाही. ती त्या बांधावर चढली, समोर आत गेलेल्या पाण्याकडे तोंड केलं, पदर खांद्यावर ओढला, आणि नुसती उभी राहिली.